विद्यापीठांत तीन वर्षें आणि उद्योगांत एक

दोन वर्षांपूर्वींच्या मे महिन्यांतील गोष्ट. आमच्या शाळेंतून दहावी होऊन पुढें बारावीस गणितांत उत्तम गुण मिळविलेला एक विद्यार्थी आपल्या वडिलांसह आमच्याकडे आला. इंग्लंडांतील एका विद्यापीठानें त्यास संगणकशास्त्राच्या पदवीसाठीं प्रवेश देऊं केला होता. परंतु अभ्यासक्रम दोन होते. एक तीन वर्षांचा, साधा. दुसरा चार वर्षांचा. त्यांतील तिसरें वर्ष विद्यापीठांत न घालवितां एखाद्या कंपनींत पगारी काम करण्यांत घालवावयाचें. वडील एका सहकारी बँकेंत हिशेबनीस. त्यांनीं दोन्ही पत्रें आमच्या मेजावर ठेविलीं व म्हटलें, "सर, पोरगा शिकायला जातोय कीं नोकरीला? ह्या चौथ्या वर्षाचा हिशेब कांहीं जुळत नाहीं बघा."

आम्हांसही तो त्या क्षणीं जुळवून देतां आला नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. आम्हीं त्यांजकडून आठ दिवसांची मुदत मागून घेतली. त्या आठ दिवसांत व त्यानंतर जी माहिती आम्हांस मिळाली ती आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे. कारण हाच प्रश्न आणखी कित्येक घरांत उपस्थित होण्याचा संभव आहे.

असल्या अभ्यासक्रमास इंग्रज लोक 'सँडविच' म्हणतात. पावाच्या दोन कापांमध्यें जसें सारण, तसें अभ्यासाच्या दोन भागांमध्यें उद्योगांतील काम. नांव हास्यास्पद वाटलें तरी वस्तु जुनी आहे. इंग्लंडांत संडरलंड येथील तांत्रिक महाविद्यालयानें १९०३ सालींच ही पद्धति सुरू केली. अमेरिकेंत सिनसिनाटी येथें हर्मन श्नायडर ह्या अध्यापकानें १९०६ सालीं तिचाच एक प्रकार प्रचारांत आणिला. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश सरकारास तंत्रज्ञांची उणीव भासूं लागली. १९५६ सालच्या सरकारी धोरणपत्रानंतर कांहीं निवडक महाविद्यालयांत ह्या पद्धतीस मोठें उत्तेजन मिळालें, व त्यांतील कांहीं महाविद्यालयांस १९६६ सालीं बाथ, ब्रूनेल, लफबरो, सरे इत्यादि नांवांनीं विद्यापीठाचा दर्जा प्राप्त झाला. म्हणजे हें चौथें वर्ष कोणा कंपनीनें स्वस्तांत मजूर मिळविण्यासाठीं काल परवां काढलेली युक्ति नव्हे. आमच्या मनांतील पहिली शंका येथेंच दूर झाली.

परंतु संगणकशास्त्राशीं ह्या पद्धतीचें जें नातें आहे तें ह्याहूनही मनोरंजक आहे. लंडनमध्यें जे. लायन्स नांवाची एक मोठी कंपनी होती. तिचा धंदा चहाचीं दुकानें चालविण्याचा व पाव-केक विकण्याचा. रोज लक्षावधि लहान लहान विक्रींचा हिशेब ठेवितां ठेवितां तिचे कारकून थकून जात. १९४७ सालीं कंपनीचे दोन अधिकारी कचेरीच्या नव्या साधनांचा शोध घेण्यासाठीं अमेरिकेस गेले, तेव्हां त्यांस कळलें कीं जें यंत्र आपणांस हवें आहे तसलेंच एक यंत्र आपल्याच देशांत, केंब्रिज विद्यापीठांत, मॉरिस विल्क्स व त्यांचे सहकारी तयार करीत आहेत. लायन्सनें विद्यापीठास ३,००० पौंडांचें साह्य केलें व आपला एक मनुष्यही कांहीं काळ मदतीस दिला. केंब्रिजचें तें यंत्र, एडसॅक, ६ मे १९४९ रोजीं चालूं झालें. त्याच्या रचनेवरून लायन्सनें आपलें स्वतःचें यंत्र बांधिलें, त्याचें नांव लिओ. आणि नोव्हेंबर १९५१ मध्यें त्या यंत्रानें बेकरीच्या मालाच्या किंमतीचा आठवड्याचा हिशेब करण्यास आरंभ केला. व्यापारी कचेरीचें नित्याचें काम संगणकानें करावें, असा प्रकार जगांत प्रथम घडला तो एका पाववाल्याच्या घरीं! केंब्रिजनें ह्या विषयाचा एक वर्षाचा पदविका-वर्ग काढिला तो त्यानंतर, १९५३ सालीं; आणि मँचेस्टर विद्यापीठांत संगणकशास्त्राच्या पदवीचे पहिले विद्यार्थी बसले ते १९६५ सालीं. विद्यापीठ व उद्योग ह्यांचे हात ह्या शास्त्रांत बाल्यापासूनच असे एकमेकांत गुंतलेले आहेत. आमच्या हिशेबनीस मित्रांस ही कथा सांगितली तेव्हां त्यांची मुद्रा प्रथमच थोडी खुलली.

आतां विद्यार्थ्यांच्या मनांत येईल कीं जें शिकावयाचें तें वर्गांत शिकतां येत नाहीं काय? एक उदाहरण घेऊं. शब्दकोशांत आपण शब्द कसा शोधितों? पहिल्या पानापासून वाचीत जात नाहीं. मधलें पान उघडितों, शब्द त्याच्या अलीकडे कीं पलीकडे तें पाहतों, व उरलेल्या अर्ध्याचें पुन्हां अर्धें करितों. ह्या रीतीनें १,००,००० शब्दांतून हवा तो शब्द फार तर १७ वेळां पाहून सांपडतो. पेन्सिल घेऊन करून पहा. संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षांत ही रीत शिकवितात. मधलें स्थान काढण्यासाठीं पहिल्या व शेवटच्या स्थानांचे क्रमांक मिळवावे व बेरजेस दोहोंनीं भागावें, असें पाठ्यपुस्तकांत असे, आणि गणित म्हणून तें निर्दोष आहे. परंतु यंत्रांत संख्येस ठराविकच जागा असते. नेहमींच्या एका प्रकारांत सर्वांत मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७; बेरीज तिच्यापुढें गेली कीं उत्तर एकाएकीं ऋण होतें व शोध कोसळतो. जावा ह्या प्रसिद्ध भाषेच्या ग्रंथालयांत ही चूक सुमारें नऊ वर्षें कोणाच्याही नजरेस न येतां बसली होती, आणि २००६ सालीं जोशुआ ब्लॉक ह्यांनीं ती जगापुढें मांडली. कारण सुमारें १०७ कोटींहून अधिक नोंदींची यादी समोर येईपर्यंत ती प्रकटच होत नव्हती. उपाय अगदीं सोपा: दोन क्रमांकांची बेरीज न करितां वजाबाकी करावी, तिचें अर्ध करून लहान क्रमांकांत मिळवावें. वर्गांतल्या फळ्यावर दहा नोंदी असतात. उद्योगांत कोट्यवधि असतात. हा भेद व्याख्यानानें समजतो खरा, पण अंगवळणी पडत नाहीं.

आमच्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी असें वर्ष पुरें करून आली आहे. तिनें आपला अनुभव आम्हांस मोकळेपणानें सांगितला, त्यांत गोड तसें कडूही आहे. ज्या कंपनींत ती गेली तेथें पहिले तीन आठवडे तिला कोणीं कामच सांगितलें नाहीं. ज्यांच्या हाताखालीं तिची नेमणूक होती ते गृहस्थ दुसऱ्या खात्यांत गेले होते व तिची आठवण कोणासच राहिली नव्हती. शेवटीं तिनें विद्यापीठांतील आपल्या मार्गदर्शकांस लिहिलें, तेव्हां सूत्रें हललीं. मग तिला एक लहानसा दोष दुरुस्त करण्यास मिळाला. इतरांनीं पूर्वीं लिहून ठेविलेल्या आज्ञावलीच्या सहस्रावधि ओळी वाचून तिनें स्वतःच्या बारा ओळी लिहिल्या. त्या तीन वेळां परत आल्या: एकदां नांवें दुर्बोध म्हणून, एकदां चांचणी जोडली नाहीं म्हणून, आणि तिसऱ्यांदां हेंच काम करणारा भाग आज्ञावलींत अन्यत्र आधींच आहे म्हणून. "सर, बारा ओळींसाठीं पांच दिवस! मला रडूं आलं," असें ती म्हणाली. आणि वर्ष संपतां संपतां तीच दुसऱ्यांच्या ओळी परत पाठवूं लागली होती.

आतां व्यवहाराकडे वळूं. पालकांनीं हा भाग सावकाश वाचावा. काम विद्यापीठ देत नाहीं. विद्यापीठ मदत करितें, अर्ज कसा लिहावा तें दाखवितें, ओळखीच्या कंपन्यांचीं नांवें सांगतें. परंतु अर्ज, चांचण्या व मुलाखती विद्यार्थ्यानें स्वतःच पार पाडावयाच्या, आणि त्याही दुसऱ्या वर्षाच्या आरंभापासून, अभ्यास चालूं असतांना. काम न मिळाल्यास विद्यार्थी सामान्यतः तीन वर्षांच्या अभ्यासक्रमांत परत येतो. पदवी बुडत नाहीं. काम बहुधा नऊ ते बारा महिन्यांचें असून त्यास पगार असतो, विद्यापीठाचे मार्गदर्शक अधूनमधून विचारपूस करितात, आणि अखेरीस अहवाल लिहून द्यावा लागतो. त्या वर्षाची फी पुष्कळ कमी असते. इंग्लंडांतील रहिवासी विद्यार्थ्यांस ती पूर्ण फीच्या एक पंचमांशाहून अधिक आकारतां येत नाहीं. परदेशीयांसाठीं मात्र प्रत्येक विद्यापीठाचा नियम वेगळा, म्हणून तो आकडा लेखी विचारून घ्यावा. व्हिसाची मुदत अभ्यासक्रमाच्या लांबीवर बेतलेली असते व उद्योगांतील वर्ष हें पदवीचाच परीक्षित भाग असावें लागतें. यास्तव "मागाहून पाहूं" असें न म्हणतां आरंभींच ठरविलेलें बरें. शिवाय संरक्षणखात्याशीं संबंध असलेलीं कांहीं कामें परदेशीयांस मिळतच नाहींत.

पगारांतून सर्व खर्च निघेल असें मात्र कोणीं समजूं नये. लंडनसारख्या ठिकाणीं घरभाडेंच पगाराचा मोठा घांस घेतें. आणखी एक गोष्ट जाहिरातींत नसते. वर्षभर पगार हातीं खेळल्यावर पुन्हां वर्गांत बसून गणिताच्या सिद्धता लिहिणें कित्येकांस जड जातें. आमच्या विद्यार्थिनीसही पहिले दोन महिने गेले. ज्यास पुढें संशोधनाकडेच वळावयाचें आहे, त्यानें तें वर्ष एखाद्या प्रयोगशाळेंत घालवितां येतें कीं काय हें आधीं पहावें, नाहीं तर सरळ तीन वर्षांचा मार्ग धरावा. ज्याचा स्वभाव लाजाळू आहे त्यानें मात्र ह्याच कारणासाठीं चार वर्षांचा मार्ग टाळूं नये, असें आमचें मत आहे. कामाच्या ठिकाणीं चार लोकांत बसून "मला हें समजलें नाहीं" असें म्हणावयास शिकणें ही थोडीथोडकी विद्या नव्हे.

आणि ज्यांस परदेश परवडत नाहीं त्यांनीं खिन्न होण्याचें कारण नाहीं. पिलानीच्या बिट्स संस्थेनें १९७३ सालापासून 'प्रॅक्टिस स्कूल' ह्या नांवानें विद्यार्थ्यांस उद्योगांत पाठविण्याची व्यवस्था चालविली आहे. आपल्याकडील सुतार, सोनार ह्यांच्या घरीं उमेदवारी करण्याची चाल तर ह्या सर्वांहून जुनी.

आठ दिवसांनीं पितापुत्र परत आले, तेव्हां आम्हीं हें सर्व त्यांस सांगितलें. वडिलांनीं खिशांतून कागद काढून फी, भाडें व पगार ह्यांचे तीन रकाने मांडिले, दोन ठिकाणीं प्रश्नचिन्ह घातलें, व विद्यापीठास तीं दोन प्रश्नचिन्हें इमेलनें पाठविण्यास मुलास सांगितलें. उत्तर आल्यावर त्यांनीं चार वर्षांचा अभ्यासक्रम पत्करिला. मुलगा आतां दुसऱ्या वर्षांत आहे. गेल्या पंधरवड्यांत त्याचें पत्र आलें: एकेचाळीस अर्ज केले, तेहतीस ठिकाणाहून नकार, पांच ठिकाणाहून उत्तरच नाहीं, दोन मुलाखती होऊन तेथेंही जमलें नाहीं, आणि एक मुलाखत येत्या मंगळवारीं. "बाबांना आंकडा सांगूं नका," असें त्यानें खालीं लिहिलें होतें. परंतु बाबांनीं तो आम्हांस आधींच सांगितला होता. त्यांच्या कागदावर आतां चौथा रकाना आहे.