तिन्हीसांजेची राखण आणि दुर्बिणीची निवड

पौष-माघात धाराशिव जिल्ह्यात जोंधळा हुरड्यास येतो आणि शेतकऱ्यास रात्रीची राखण करावी लागते. दिवस मावळताच रानडुकरांचे कळप पिकात शिरतात. अशा वेळी ताटांत हालणारी सावली डुकराची, काळविटाची, की पाणी देण्यास निघालेल्या शेजाऱ्याची, हे ओळखणे राखणदाराचे पहिले कर्तव्य होय. या कामी हातात धरावयाची दुर्बीण फार उपयोगी पडते. ती कशी निवडावी, हे पाहू.

दुर्बिणीवर ७×५०, ८×४० असे आकडे असतात. पहिला आकडा वस्तू किती पट मोठी दिसते ते सांगतो. दुसरा पुढील भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये देतो. दुसऱ्यास पहिल्याने भागले असता डोळ्यात येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. ७×५० मध्ये ती सुमारे ७ मिलिमीटर, ८×४० मध्ये ५, तर १०×२५ मध्ये अवघी अडीच मिलिमीटर असते. अंधारात तरुण माणसाची बाहुली सुमारे ७ मिलिमीटर उघडते; उतारवयात ती ५ च्या आसपासच उघडते. म्हणून तरुण राखणदारास ७×५० व वयस्कास हलकी ८×४० सोयीची. जितके पट अधिक तितकी दुर्बीण चांगली, ही समजूत चुकीची आहे. १० पटींहून अधिक मोठे करणारी दुर्बीण हातात स्थिर राहत नाही.

खरेदी करताना दुर्बीण भर दुपारी दुकानात न पाहता दिवेलागणीस बाहेर नेऊन पाहावी. भिंगावर दिव्याचे प्रतिबिंब मंद जांभळे वा हिरवट दिसल्यास त्यावर लेप आहे असे समजावे. असा लेप प्रकाश वाया जाऊ देत नाही. तांबड्या चकाकीची भिंगे टाळावीत.

दुर्बीण अंधार नाहीसा करीत नाही. असलेला प्रकाश तेवढा पोहोचविते. डोळ्यांस अंधार सरावण्यास २० ते ३० मिनिटे लागतात. म्हणून माळ्यावर वेळेपूर्वी बसावे व विजेरी उगाच पेटवू नये. अमावास्येच्या रात्री मात्र विजेरीवाचून गत्यंतर नाही.

बंदुकीवरील दुर्बिणीसही हेच गणित लागू पडते. ६×४२ ची झोतजाडी ७ मिलिमीटर येते. परंतु तिने ओळख पटविणे म्हणजे न ओळखलेल्या जिवावर नळी रोखणे होय. तसे कदापि करू नये. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वये वनाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून रानडुकराचीही शिकार करता येत नाही. काळविटास तर विशेष संरक्षण आहे.

डुक्कर ओळखू आल्यावर माळ्यावरूनच डबे वाजवावेत, शेजाऱ्यांस हाक द्यावी. कुंपणात वीजप्रवाह सोडू नये. तो माणसाचाही जीव घेतो. नुकसान झाल्यास विनाविलंब वनविभागाकडे अर्ज करून पंचनामा करवून घ्यावा. बुडालेल्या पिकाची भरपाई मागता येते. चुकून गेलेल्या माणसाची भरपाई कोणासही करता येत नाही.