चमच्यावर ‘ई.पी.एन.एस.’ लिहिलंय, मग चांदी किती?

प्रश्न : आजोबा भुसावळला रेल्वेत होते. त्यांच्या पेटीत चहाची किटली, साखरेचं भांडं आणि एक डझन मोठे चमचे निघाले. मागे इंग्रजीत ‘ई.पी.एन.एस.’ असा ठसा आहे, काहींवर ‘जी.आय.पी.आर.’ही आहे. घासले की लखलखतात, ठेवले की काळे पडतात. तरी जळगावच्या सराफाने मोडीत घेतले नाहीत. चांदी नसेल तर काळे का पडतात? आणि किंमत कशी ठरवायची?

उत्तर : सराफाने नाही म्हटलं ते बरोबरच आहे. तुमचे चमचे चांदीचे नाहीत. पण त्यांच्या अंगावर चांदी आहे आणि ती अस्सल आहे. ठशाचा अर्थच तो : निकेल सिल्व्हरवर विजेच्या साहाय्याने दिलेला चांदीचा मुलामा. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन कंपनीने १८४० साली या पद्धतीचं पेटंट घेतलं. निकेल सिल्व्हर म्हणजे आपल्या बाजारातलं जर्मन सिल्व्हर. त्यात तांबं, जस्त आणि निकेल असतं, चांदी अजिबात नसते.

काळेपणा येतो तो हवेतल्या गंधकामुळे. गंधक चांदीच्या पृष्ठभागाशी संयोग पावतं, आत काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. म्हणून ‘काळी पडते ती खरी चांदी’ हा नियम इथे उपयोगाचा नाही. लोहचुंबकही काही सांगत नाही, कारण जर्मन सिल्व्हरही त्याला चिकटत नाही. सराफाचं तपासणीचं यंत्रसुद्धा वरचाच पातळ थर वाचतं. उलट, ‘हॉलमार्क नाही म्हणजे खोटं’ हेही खरं नाही. आपल्याकडे चांदीचं हॉलमार्किंग २००५ साली सुरू झालं, त्यामुळे आजीच्या अस्सल ताटावरही तो शिक्का नसतो.

ठसा नसलेल्या वस्तूची पारख करायची असेल, तर आधी झीज पाहा. चमचा टेबलावर जिथे टेकतो, तो खोलगट भागाचा पाठीकडचा फुगवटा उजेडात धरा. तिथे पांढऱ्या चकाकीत पिवळसर-करडा डाग दिसला, तर मुलामा उडून आतला धातू वर आला आहे.

डाग दिसला नाही, तर पाण्याची परीक्षा घ्या. कोरड्या चमच्याचं वजन करा. मग पाण्याने भरलेला उंच पेला काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणा. चमचा दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल असा लोंबता धरा, तळाला लागू देऊ नका. काटा जितके ग्रॅम दाखवेल, तितकं पाणी चमच्याने बाजूला सारलं. चमच्याच्या वजनाला त्याने भागा. उत्तर १०.४च्या आसपास आलं तर भरीव चांदी, ८.७च्या आसपास आलं तर जर्मन सिल्व्हर. म्हणजे ५२ ग्रॅमचा चमचा चांदीचा असेल तर ५ ग्रॅम दाखवेल, मुलाम्याचा असेल तर ६. काटा मात्र दशांश ग्रॅम दाखवणारा हवा. पोकळ मुठीच्या सुऱ्यांवर हे करू नका. त्यांचं पातं पोलादी आणि मुठीत भराव असतो, हिशेब चुकतो.

आता मोडीचं पाहू. मुलामा चांगला जाड, म्हणजे २० मायक्रॉनचा धरला, तरी मोठ्या चमच्यावर दोन ग्रॅमच्या आतच चांदी बसते. ती सोडवायला घातक रसायनं लागतात आणि भट्टीत टाकलं तर तांब्या-निकेलात मिसळून जाते. मग सराफाला त्यात काय उरणार?

पण तुमच्या चमच्यांची खरी किंमत वजनात नाही. ‘जी.आय.पी.आर.’ म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे. १९५१ साली ती मध्य रेल्वेत विलीन झाली, म्हणजे तो ठसा असलेले चमचे त्याआधीचे. भुसावळसारख्या मोठ्या जंक्शनच्या घरातून ते निघाले आहेत, ही गोष्ट जुन्या वस्तूंच्या संग्राहकाला फार मोलाची वाटते. आजोबांची नेमणूक दाखवणारा कागद किंवा फोटो असेल तर सोबत ठेवा. डझन पूर्ण आहे का, ठसे स्पष्ट वाचता येतात का, किटलीला पोचे किंवा डाग दिलेल्या खुणा आहेत का, यावर भाव चढतो-उतरतो. मोडीचा भाव विचारायला सराफ, वस्तूचा भाव विचारायला संग्राहक किंवा लिलाव संस्था. आणि विचारताना ठशांचे जवळून काढलेले फोटो पाठवा.

तोवर राख, चिंच, रांगोळी यांपैकी कशानेही घासू नका. प्रत्येक घासणीत थोडा मुलामा जातो आणि तो परत येत नाही. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ कापड एवढं पुरे. विकायचा विचार असेल तर नवा मुलामाही चढवू नका. त्यात जुने ठसे पुसट होतात. आणि एखादी वस्तू शंभर वर्षांहून जुनी ठरली, तर १९७२च्या पुरावस्तू कायद्यामुळे ती परदेशातल्या नातेवाइकांना पाठवता येणार नाही, देशातच विकावी लागेल.