निवाऱ्यातल्या बैलाची बातमी : सातवीच्या मुलांनी केलेला व्हिडिओ



बातमीलेखन म्हटलं की आपण काय करतो? 'शाळेत वृक्षारोपण उत्साहात संपन्न' असा मथळा फळ्यावर देतो आणि पस्तीस वह्यांत पस्तीस सारख्या बातम्या येतात. मीही कित्येक वर्षं हेच केलं. यंदा मुलांना म्हटलं, बातमी मोबाईलवर करू आणि खरीखुरी करू. विषय त्यांनीच काढला : सोडून दिलेल्या जनावरांचा निवारा. नाशिकच्या बाजूला असा एक निवारा आहे. त्याचं नाव-गाव इथे मुद्दाम देत नाही, कारण पुढे येईलच.

जाण्याआधी दोन तासिका वर्गातच घेतल्या. बातमीचे सहा ककार फळ्यावर लिहिले : कोण, काय, कधी, कुठे, का, कसे. एका मुलीने विचारलं, "बाई, पांजरपोळ म्हणजे काय?" मग मुंबईची गोष्ट सांगितली. 1832 साली इंग्रज सरकारने मोकाट कुत्री मारायची मोहीम वाढवली. कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस! पैशाच्या लोभाने लोक घरातली पाळलेली कुत्रीही ओढून नेऊ लागले. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक मान, त्यामुळे जूनमध्ये मोठी दंगल झाली, बाजार बंद पडले. त्यानंतर 1834 मध्ये जमशेटजी जीजीभाई आणि शेठ मोतीशा यांच्या पुढाकाराने मुंबईत पांजरपोळ उभी राहिली. आठ आण्यांचा मुद्दा मुलांना फार लागला. एकजण म्हणाला, "म्हणजे बक्षीस ठेवलं म्हणूनच घरातली कुत्री गेली ना?" 'का' हा ककार त्याला तिथे समजला असं मला वाटतं.

पालकांची लेखी संमती घेतली. निवाऱ्याच्या मालकांची परवानगी आधीच फोनवर घेतली होती. मुलांना सक्त ताकीद होती की कुत्र्यांच्या कप्प्यात हात घालायचा नाही. चावलं किंवा नुसतं ओरखडलं तरी लपवायचं नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवायची आणि लगेच आरोग्य केंद्रात जाऊन लस घ्यायची. हळद, चुना, मिरची काहीही लावायचं नाही. (हे घरीही सांगा हो. आमच्याकडे अजून लावतात.)

तिथे पोचल्यावर पहिली दहा मिनिटं नुसता गोंधळ. कोणी मोबाईल उभा धरतोय, कोणी चालत चालत शूटिंग करतोय. मग नियम केला : मोबाईल आडवा, कोपर पोटाशी, एका जागी उभं राहून मनात दहा अंक मोजायचे, मगच दुसरं दृश्य. एवढ्यानेच निम्मं काम सुधारलं.

एका गटाला कानाचा तुकडा कापलेली तीन कुत्री दिसली. 'कुत्र्यांचे कान कापणारे क्रूर लोक' हे वाक्य लगेच वहीत उतरलं! मी काही बोलले नाही, फक्त म्हटलं, "विचारलंत का कोणाला?" तिथल्या काकांनी सांगितलं की नसबंदी आणि रेबीजची लस झालेल्या कुत्र्याची ती खूण असते. भूल दिलेली असतानाच कानाला खाच करतात, म्हणजे तेच कुत्रं पुन्हा पकडलं जात नाही. मुलांनी ते वाक्य स्वतःच खोडलं.

आणि मग तो बैल. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, अस्सल डांगी. आमच्या इगतपुरी-त्र्यंबक-अकोले भागाचं हे जनावर. कातडीला तेलकटपणा असतो म्हणून मुसळधार पावसातही टिकतं, खूर काळे आणि टणक. एक मुलगा त्याच्यासमोर थांबला तो थांबलाच. हळूच म्हणाला, "बाई, हा आमच्या चुलत्याचा आहे."

परतताना गाडीत तो गप्पच. दुसऱ्या दिवशी वर्गात प्रश्न आला, "कोण या ककारात नाव घालायचं का?" तोवर मुलांनी मथळा ठरवला होता : 'निर्दयी मालकांनी टाकलेली मुकी जनावरे'. त्या मुलाची मान खाली. खरं सांगते, मलाही काय बोलावं सुचेना. शेवटी तोच म्हणाला, "आधी काकांना विचारू."

काका बोलले. चेहरा दाखवायचा नाही, फक्त हात आणि आवाज, या अटीवर. पूर्वी भाताच्या चिखलणीला बैल लागायचे, आता पॉवर टिलर भाड्याने येतो आणि दिवसाचं काम तासांत करतो. म्हाताऱ्या बैलाला मात्र बाराही महिने चारा लागतो. 2015 पासून राज्यात बैलांच्याही कत्तलीला बंदी आहे, त्यामुळे काम न करणाऱ्या बैलाला गिऱ्हाईक नाही. "मोकाट सोडला नाही, स्वतः गाडीत घालून पोचवून आलो," एवढं बोलून ते थांबले. मुलांनी ते थांबणंही कापलं नाही. मीही कापू दिलं नसतं.

'निर्दयी' शब्द गेला. नवा मथळा झाला : 'बैल निवाऱ्यात का येतात?' संविधानातल्या मूलभूत कर्तव्यांमध्ये प्राणिमात्रांबद्दल दयाबुद्धी आहे, ते पान एका मुलीने कॅमेऱ्यासमोर वाचलं. रडकं संगीत लावायचा हट्ट मी मोडून काढला. त्याजागी गोठ्यातलाच आवाज ठेवला, घंटा आणि चारा चावल्याचा. पत्ता आणि पाटी दिसणारी दृश्यंही काढली. काकांनी सांगितलं होतं की पत्ता पसरला की लोक रात्री फाटकाला जनावर बांधून निघून जातात.

संकलन मोबाईलवरच केलं. तीन मिनिटांच्या बातमीला चार दिवस लागले. निवेदनाच्या वेळी पत्र्यावर पाऊस इतका, की आवाज पुन्हा तीनदा घ्यावा लागला. शेवटी स्टोअररूममध्ये सतरंज्यांच्या गठ्ठ्यामागे बसून रेकॉर्डिंग केलं आणि तेच सगळ्यात स्वच्छ आलं. कॉलरचा माईक नसेल तर करून बघा.

पालकसभेत व्हिडिओ दाखवला. चुलते मागे दाराशी उभे होते. संपल्यावर पुतण्याला विचारलं, "खातो का रे नीट?"

"दाखवलंय की काका, रवंथ करतोय. परत लावू का?"

परत लावला.