पावसातली सहल आणि पायांची काळजी

ऑगस्टमध्ये आम्ही सहकुटुंब रत्नागिरीला गेलो आणि दुसऱ्याच दिवशी पावसाने गाठले. लॉजच्या खोलीत मुले कंटाळली. "बाबा, समुद्रात नुसते पाय बुडवून येऊ," असा हट्ट सुरू झाला. मी साफ नकार दिला. खवळलेल्या समुद्रात गुडघाभर पाण्यातूनही परतणारी लाट मोठ्या माणसाला ओढून नेऊ शकते.

मग छताखालची सहल ठरवली. सकाळी झाडगावचे मत्स्यालय, नंतर टिळक आळीतील लोकमान्यांचे जन्मस्थान, दुपारी थिबा राजवाडा. ब्रह्मदेशच्या पदच्युत राजासाठी १९१० च्या सुमारास बांधलेल्या त्या वाड्यात हिंडताना मुलांचे पाय मोकळे झाले. रात्री पत्ते आणि भेंड्या.

मात्र अशा सहलीतही रस्त्यावरची डबकी चुकत नाहीत. साचलेल्या पाण्यात उंदरांचे, गुरांचे मूत्र मिसळते. त्यातील लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पायांच्या भेगा व जखमांतून शरीरात शिरतात. म्हणून अनवाणी चालू नये. जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी लावावी, शक्यतो गमबूट घालावेत. खोलीवर येताच पाय साबणाने धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात.

परतल्यावर महिनाभरात थंडीताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले, तर दुखणे अंगावर काढू नका. साचलेल्या पाण्यातून चाललो होतो, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. वेळीच औषध मिळाले तर रुग्ण बहुधा पूर्ण बरा होतो. उशीर मूत्रपिंडांना भोवू शकतो.