वेणीची वीण

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, गॉलवे उपसागराच्या तोंडाशी, अरन नावाची तीन लहान बेटे आहेत. चुनखडीचा खडक, वारा अडवणाऱ्या दगडी भिंती आणि चहूबाजूंना अटलांटिक महासागर, एवढेच तेथील वैभव. माती इतकी तुटपुंजी की बेटवासीयांनी समुद्रातील शेवाळ आणि वाळू खडकावर पसरून शेते तयार केली. अशा या बेटांचे नाव आज जगभरच्या विणणाऱ्यांच्या तोंडी आहे, ते तेथील लोकरी स्वेटरांवरील वेण्यांच्या नक्षीमुळे.

ही वेणी पाहणाऱ्याला अवघड वाटते. तिची युक्ती मात्र साधी आहे. टाके ज्या क्रमाने सुईवर असतात, त्या क्रमाने ते विणायचे नाहीत. उलट टाक्यांच्या पार्श्वभूमीवर सहा सुलट टाक्यांची पट्टी उभी चढत जाते. ठरावीक ओळींनंतर, बहुधा सहाव्या किंवा आठव्या ओळीला, पहिले तीन टाके न विणता एका आखूड जादा सुईवर घेतात. पुढचे तीन आधी विणतात आणि मग थांबवून ठेवलेले तीन विणतात. जादा सुई विणीच्या पुढे धरली तर पीळ डावीकडे झुकतो. मागे धरली तर उजवीकडे. केसांच्या वेणीसारखे तीन पेड हवे असतील, तर नऊ टाके घेऊन एकदा पुढून, एकदा मागून अशी अदलाबदल करीत जातात. पीळ पडला की वीण आवळली जाते. म्हणून साध्या विणीपेक्षा तेवढ्याच रुंदीला अधिक टाके लागतात, लोकरही अधिक खर्ची पडते. त्या बदल्यात पिळांच्या जाडीत हवा कोंडून राहते आणि ऊब टिकते.

अरनच्या विणीबद्दल एक कथा मोठ्या आवडीने सांगितली जाते. प्रत्येक घराण्याची वीण निराळी असे आणि समुद्रात बुडालेल्या कोळ्याची ओळख त्याच्या स्वेटरवरून पटत असे, अशी ती कथा. तिचे मूळ बहुधा जॉन मिलिंग्टन सिंग यांच्या ‘रायडर्स टू द सी’ या 1904 साली रंगभूमीवर आलेल्या नाटकात आहे. त्यात बुडालेल्या तरुणाची बहीण त्याला ओळखते खरी. पण ते स्वतः विणलेल्या एका साध्या मोज्यावरून, त्याचे टाके मोजून आणि सुटलेले टाके आठवून. घराण्याच्या नक्षीचा तेथे उल्लेखही नाही.

पुढे हाइन्झ किवे या ऑक्सफर्डच्या लोकर-व्यापाऱ्याने 1936 मध्ये डब्लिनला असा एक स्वेटर विकत घेतला आणि ही नक्षी अतिप्राचीन, धर्मचिन्हांनी भरलेली आहे, असे प्रतिपादन सुरू केले. 1967 मध्ये त्याने त्यावर पुस्तकही लिहिले. स्वतः उत्तम विणणारे बिशप रिचर्ड रट यांनी 1987 च्या आपल्या हातविणकामाच्या इतिहासात हे मत खोडून काढले. विसाव्या शतकाच्या प्रारंभापूर्वी अशा स्वेटरांचा भक्कम पुरावा मिळत नाही. अभ्यासकांच्या मते, बाहेरच्या मच्छीमार कुटुंबांच्या विणीशी परिचय झाल्यावर बेटांवरील स्त्रियांनी ती आपल्या कल्पनेने वाढवली. 1961 मध्ये क्लॅन्सी बंधू हे गायक अमेरिकी दूरचित्रवाणीवर हे पांढरे स्वेटर घालून आले आणि मागणी एकदम वाढली.

प्राचीनतेची कथा विक्रीला उपयोगी पडली, यात शंका नाही. पण तिने एक अन्यायही केला. ज्या बायकांनी घरखर्चासाठी, दिव्याच्या उजेडात, एकमेकींचे काम पाहून नवे पीळ शोधले, त्यांचे श्रेय कोणा अज्ञात पूर्वजांना देऊन टाकले. गरीब बाईच्या बुद्धीपेक्षा हजारो वर्षांचे गूढ लोकांना अधिक पटते, असे दिसते.

हीच वीण पुढे पांघरुणांवर आली. इंग्रजी भाषक देशांत विणलेल्या लोकरी पांघरुणाला ‘अफगाण’ म्हणतात. नाव अफगाण लोकांवरून आले, अरनच्या पिळांशी त्याचा संबंध नाही. असे पांघरूण एका हाताने पुरे करायला कित्येक महिने लागतात. म्हणून पुष्कळदा मैत्रिणी ते वाटून घेतात. प्रत्येकीने एक चौकोन विणायचा आणि शेवटी सर्व जोडायचे. येथे खरी परीक्षा होते. एकीचा हात घट्ट, दुसरीचा सैल. सुई तीच, लोकर तीच, टाकेही तेवढेच, तरी चौकोन लहानमोठे होतात. यासाठी आधी वितभर नमुना विणून टाके मोजतात. पुरे झालेले चौकोन ओले करून, एकाच मापाला ताणून, टाचण्या लावून वाळवतात. उरलेला फरक कडेच्या पट्टीत सामावतो.

काम दुसरीला दाखवण्याचा फायदाही अशाच वेळी कळतो. विणणारीची नजर स्वतःच्या चुकीला सरावते. शेजारी बसलेली मैत्रीण मात्र वीस ओळी खालचा एक पीळ उलट्या बाजूला गेल्याचे चटकन दाखवते. नवखी विणणारी अशा वेळी सगळे उसवायला निघते. जाणती तिचा हात धरते. तेवढ्याच वेणीचे सहा टाके सुईवरून सोडायचे, चुकलेल्या पिळापर्यंत उसवत जायचे आणि शिडीच्या पायऱ्यांसारखे उरलेले धागे खालून एकेक उचलून पुन्हा विणत वर यायचे. आजूबाजूचे टाके तोवर सुईवर जागच्या जागी थांबून असतात.

पाठाधारित प्रश्न

1. वेणी विणताना अधिक टाके का लागतात, ते आपल्या शब्दांत लिहा.
2. नाटकातील प्रसंग आणि प्रचलित कथा यांत कोणता फरक आहे?
3. आपल्या परिसरातील हातकामाविषयी सांगितली जाणारी एखादी कथा मिळवा. ती काम करणाऱ्यांना न्याय देते का, यावर आठ ओळी लिहा.