मण्यांचे डूल

कर्जत-खालापूरच्या डोंगरवाड्यांत ठाकर स्त्रिया रंगीत मण्यांच्या माळा घालत आल्या आहेत. तसेच मणी वापरून आपण घरी डूल बनवू या. उर्दूत ज्यांना आपण बुंदे म्हणतो, तेच हे डूल.

प्रथम मण्यांचे दोन सारखे भाग करून ताटलीत शेजारी शेजारी मांडा. म्हणजे जोडी जमते. पितळी तारेचे 6 सेंटिमीटरचे दोन तुकडे कापा. प्रत्येकाचे खालचे टोक पकडीने वळवा, म्हणजे मणी गळणार नाहीत. मग मणी ओवा. वर 1 सेंटिमीटर तार ठेवून उरलेली कापा. तिची गोल कडी करा, कानात घालायच्या आकड्यात अडकवा आणि घट्ट मिटवा. कडी उघडी राहिली, तर डूल वाटेतच पडेल!

एक काळजी घ्या. आकडा चांदीचा असावा. स्वस्त धातूत निकेल असू शकते. त्यामुळे काहींच्या कानाला खाज सुटते. बहिणीला डूल द्यायचे, तर आधी तिच्या कानाचा विचार करा.

शब्दार्थ : ओवणे – तारेत किंवा दोऱ्यात घालणे.

स्वाध्याय
1. मणी आधी ताटलीत का मांडावेत?
2. आकडा चांदीचा का असावा?