कुंपणाकाठची रुई

वाशिम जिल्ह्यातील कोणत्याही गावाकडे निघावे, वाटेच्या कडेला रुई उभी दिसते. शेताचा धुरा असो की पडक्या गढीची भिंत असो, ती आपली आपण उगवते. तिला कोणी पाणी घालीत नाही. वैशाखात भोवतालचे गवत करपून गेले, तरी तिची जाड, राखट हिरवी पाने टवटवीत असतात. शनिवारी तिच्या पानांची माळ मारुतीच्या गळ्यात पडते. एरव्ही मात्र विषारी झुडूप म्हणून लोक तिला बागेबाहेरच ठेवतात.

रुई विषारी आहे, यात शंका नाही. तिचे पान तोडताच पांढरा चीक वाहू लागतो आणि तो डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते. परंतु याच विषाच्या आश्रयाने एका फुलपाखराचे कुळ वाढते. नारिंगी पंखांच्या काळ्या टोकांवर पांढरे ठिपके असलेले हे फुलपाखरू ‘बिबळ्या कडवा’ या नावाने ओळखले जाते. त्याची मादी रुईच्या पानावर एकेक अंडे सुटे घालते. अंड्यातून निघालेली इवलीशी अळी आधी पानावर वर्तुळाकार चर कुरतडते. त्यामुळे आतल्या भागात येणारा चीक थांबतो आणि मग ती तेवढाच भाग निर्धास्तपणे खाते. पानातील विष तिच्या अंगी साठते व पुढे फुलपाखरातही उतरते. एकदा ती कडू चव घेतलेला पक्षी पुन्हा त्याच्या वाटेस जात नाही. म्हणूनच हे फुलपाखरू भर उन्हात संथपणे विहरत असते.

रुईच्या फुलांवर मोठे काळे भुंगेही येतात. या फुलांतील पराग पुंजक्यांच्या रूपात असतात. मध घेताना पुंजका भुंग्याच्या अंगाला अडकतो व दुसऱ्या फुलावर पोहोचतो. पुढे फळ उकलले की, रेशमी तंतूंची बीजे ‘म्हाताऱ्या’ होऊन वाऱ्यावर निघतात.

आज सोयाबीनच्या शेतांचे धुरे तणनाशकाने साफ केले जातात. त्यांबरोबर रुईही जाते आणि अंडी घालण्यास जागा शोधणारी मादी रिकामी फिरते. उत्तर अमेरिकेतही मोनार्क नावाच्या फुलपाखरावर असाच प्रसंग ओढवला. ते ज्या रुईवर्गीय वनस्पतीवर वाढते, ती शेतांतून नाहीशी होऊ लागली. तेव्हा तेथील अनेक कुटुंबांनी व शाळांनी ती आपल्या अंगणात लावली.

आपल्याकडे हे काम त्याहून सोपे आहे. पावसाळ्याच्या आरंभी कुंपणाजवळ, उन्हाच्या व पाणी न साचणाऱ्या उंचवट्यावर रुईचे बी पेरावे. काळ्या मातीत थोडा मुरूम मिसळावा. रोप रुजल्यावर त्याची फारशी निगा करावी लागत नाही. ते वर्षानुवर्षे टिकते आणि छाटले तरी पुन्हा फुटते. लहान मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून ते दूर असावे व त्याला हात लावल्यास हात धुवावेत.

एवढे केल्यावर एकच गोष्ट सांभाळावयाची असते. पाने कुरतडलेली दिसली, म्हणून औषधाचा पंप हाती घेऊ नये. फुलपाखरू सर्वांनाच आवडते. पण ज्या बागेत अळीला अभय असते, तेथेच फुलपाखरू जन्म घेते. पानांना पडलेली भोके ही त्या बागेचे वैगुण्य नव्हेत. तिच्या आतिथ्याची ती खूण होय.